हट्टी संगणक-विषाणूचे उच्चाटन

शेतातील हरळी वरवर खुरपली, तर थोड्याच दिवसांत ती पुन्हा हिरवी होते; कारण तिची मुळी जमिनीत शाबूत असते. संगणकातील हट्टी विषाणूचेही तसेच आहे.

समजा, मुंबईत वरळीच्या एका चाळीतील घरच्या संगणकावर नको त्या जाहिराती आपोआप उघडू लागल्या. मुलाने दोषी फाईल पुसली. परंतु संगणक पुन्हा सुरू करताच ती परत आली. याचे कारण असे की, असा विषाणू विंडोजबरोबरच जागा होतो व पुसलेली प्रत पुन्हा निर्माण करतो. म्हणून तो निद्रिस्त असतानाच त्यास गाठले पाहिजे. त्याचा क्रम असा :

(१) इंटरनेटची जोडणी तोडावी.
(२) छायाचित्रे व कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. प्रोग्रॅम घेऊ नयेत.
(३) ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’चे ऑफलाइन शोधन चालवावे. ते विंडोज सुरू होण्यापूर्वी होते. त्यास सुमारे १५ मिनिटे लागतात.
(४) तरीही खोड न गेल्यास डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावी. उतरवलेल्या फायली तपासूनच परत घ्याव्यात.
(५) सर्व पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावेत.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. विषाणू काढण्याची साधने तेथून विनामूल्य देण्यात आली.

पाचवी पायरी शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. विद्यार्थ्यांच्या नोंदींची व बँकेच्या खात्याची किल्ली चोराच्या हाती राहिली, तर नुसते घर झाडून काय उपयोग?