बैठ्या माणसाचे धावणे

आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी गिरणीत, रेल्वेत, गोदीत किंवा दुसऱ्याच्या शेतात अंगमेहनत केली. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मुलांना शिकविले आणि त्या शिक्षणामुळे मुलांना खुर्ची मिळाली. ही खुर्ची फुकट मिळालेली नाही, म्हणून तिचा आपल्याला अभिमान आहे. परंतु वडिलांच्या शरीराला जे श्रम नको इतके होते, ते मुलाच्या शरीराला अजिबात उरले नाहीत. सकाळी स्कूटरवर बसायचे, दिवसभर टेबलाशी बसायचे आणि रात्री टीव्हीसमोर बसायचे. मग चाळिशीत रक्तदाब, पुढे मधुमेह आणि पन्नाशीत हृदयविकार, असा क्रम घराघरांत दिसू लागतो. घरातील कर्ता माणूस अकाली गेला तर एका पिढीने कमावलेले दुसऱ्या पिढीच्या हातून निसटते. म्हणून हा विषय केवळ खेळाडूंचा नाही. शाळा सुटल्यापासून मैदानावर पाऊल न टाकलेल्या माणसाला धावणे जमेल काय, आणि ते कसे जमवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लंडनचे चालक आणि वाहक

बसून राहण्याचा हृदयाशी संबंध आहे, हे प्रथम ठळकपणे दाखविले ते जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर एकाच संस्थेत, एकाच गाडीवर दोन माणसे काम करीत. चालक जवळजवळ सगळी पाळी बसून असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत असे. या कामगारांची तुलना केल्यावर असे आढळून आले की, चालकांपेक्षा वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता, होई तेव्हा उशिरा होई आणि कमी घातक असे. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन व टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. हा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, मुळातच सडपातळ असलेली माणसे वाहक होत असतील. ही शंका रास्त होती आणि मॉरिस यांनीही ती तपासली. चालकांचे गणवेष कमरेला अधिक मोठे असतात, हे त्यांनीच पुढे दाखविले. म्हणून नंतर त्यांनी सरकारी कचेऱ्यांतील ४० ते ६४ वयाच्या सुमारे १७ हजार पुरुषांचा अभ्यास केला. या सर्वांचे काम बैठेच होते. फरक होता तो सुटीच्या वेळेत. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, फावल्या वेळी जोरकस व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश आढळला. आपल्यासाठी यातील बोध मोठा आहे. खुर्ची सोडण्याची गरज नाही. खुर्चीबाहेरचा वेळ कसा जातो, ते महत्त्वाचे आहे.

ऑकलंडचा धडा

न्यूझीलंडमधील ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड हे धावण्याचे नामवंत प्रशिक्षक. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेल व मरे हॅलबर्ग या शिष्यांनी सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर एक-दोन वर्षांतच त्यांनी वेगळ्याच माणसांकडे लक्ष वळविले. पोट सुटलेले व्यापारी, निवृत्त गृहस्थ, हृदयविकारातून उठलेले रोगी अशा लोकांना त्यांनी हळूहळू धावायला लावले. स्पर्धा नाही, घड्याळ नाही. दम न लागता, बोलत बोलत धावायचे, एवढाच नियम.

१९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले. वय ५१. इतरांना धावायला शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, पण स्वतःचे धावणे सुटले होते. पहिल्याच दिवशी ते मागे पडले. त्यांना सोबत म्हणून मागे राहिले ते सत्तरी ओलांडलेले, हृदयविकार होऊन गेलेले एक गृहस्थ. हे गृहस्थ चढावरही सहज गप्पा मारीत होते आणि बॉवरमन यांना उत्तर देण्याइतकाही दम नव्हता. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या युजीन गावी सामान्य नागरिकांचे वर्ग सुरू केले आणि १९६७ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॅरिस यांच्यासह ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. प्रौढ माणसाने धावण्याची चळवळ जगभर पसरली, तिला या घटनांनी मोठा हातभार लावला.

सुरुवात कशी करावी?

बहुतेक जण पहिल्या दिवशीच शर्यतीसारखे धावतात, तिसऱ्या दिवशी पाय धरतात आणि चौथ्या दिवशी ‘आपले वय झाले’ असे म्हणून सोडून देतात. येथे वयाचा दोष नसतो, वेगाचा असतो. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास, घराण्यात लवकर हृदयविकार झालेला असल्यास, किंवा चालताना छातीत दुखत असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

२) पहिले तीन-चार आठवडे रोज अर्धा तास झपाझप चालावे.

३) नंतर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट धावावे व दोन मिनिटे चालावे. अशा आठ फेऱ्या कराव्यात.

४) दर दोन आठवड्यांनी धावण्याचा भाग थोडा वाढवावा : दोन मिनिटे, तीन मिनिटे, पाच मिनिटे. जड वाटल्यास आधीचाच आठवडा पुन्हा करावा. तीन-चार महिन्यांत पुष्कळांना सलग वीस मिनिटे धावता येते.

५) धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असे समजावे.

घाई का नको?

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. नियमित व्यायामाने हृदय व फुप्फुसांची क्षमता काही आठवड्यांतच वाढू लागते. परंतु हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा यांना बळकट व्हायला महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर पडतो. त्यामुळे दीड महिन्यात दम पुरू लागतो, उत्साह वाढतो आणि नेमकी तेव्हाच नडगी, टाच किंवा गुडघा दुखावतो. मधला विश्रांतीचा दिवस हा आळस नव्हे. त्या दिवशी शरीर आपली डागडुजी करते. पोटऱ्या व मांड्या दोन दिवस भरून येणे स्वाभाविक आहे. मात्र एकाच ठिकाणी टोचणारे, पावलागणिक वाढणारे दुखणे असेल तर थांबावे. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर त्वरित दवाखाना गाठावा.

खर्च म्हणाल तर पायाला नीट बसणाऱ्या बुटांचा. मैदान नसेल तर वसाहतीतला रस्ताही चालेल. उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्यापूर्वी आटोपावे. भगिनींची अडचण वेगळी असते. सकाळचा स्वयंपाक, डबे, पाणी भरणे यांतून वेळ मिळत नाही, आणि एकटीने धावायला लोकलज्जा आड येते. येथे घरच्या पुरुषांनी सकाळचे एक काम आपल्याकडे घ्यावे आणि शेजारच्या तिघी-चौघींनी मिळून निघावे. ऑकलंडमध्येही एकट्यादुकट्याने नव्हे, गटानेच लोक धावायला शिकले.

वयाची सबब सांगणाऱ्यांनी जालंधर जिल्ह्यातील ब्यास गावचे फौजा सिंग आठवावेत. पत्नी व मुलाच्या निधनानंतर मन रमेना, म्हणून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले हे शेतकरी म्हातारपणी धावू लागले. २००० साली त्यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा त्यांचे वय ८९ सांगितले जात होते. जन्मदाखला नसल्याने गिनेस बुकाने त्यांचा विक्रम नोंदविला नाही, पण त्यांचे धावणे हजारोंनी पाहिले. २०२५ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

आपल्याला मॅरेथॉन धावायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम सांगितला आहे. पंचवीस मिनिटांच्या तीन धावांत तो हिशेब पुरा होतो. विद्यार्थ्यांनी तर नोकरी लागेपर्यंत थांबूच नये. आज मैदान सुटले नाही तर चाळिशीत ते नव्याने शोधावे लागणार नाही. आणि ज्यांचे सुटले आहे त्यांनी उद्या सकाळी अर्धा तास चालण्यापासून सुरुवात करावी, जमल्यास शेजाऱ्यालाही हाक मारावी.