युद्धचित्रे कशी पाहावीत? : पॅसिफिक युद्धातील चित्रकलेचा एक अभ्यास

सारनाथच्या यात्रेला जाऊन आलेल्या आपल्या सभासदांनी तेथील मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवरील चित्रे पाहिलेली असतील. बुद्धचरित्रातील प्रसंगांची ही चित्रमालिका कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने १९३२ ते १९३६ या काळात रंगविली. तिच्यात मारविजयाचा प्रसंग आहे. हाच प्रसंग अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात रंगांत आणि सव्विसाव्या लेण्यात दगडात पाहावयास मिळतो. चोहोबाजूंनी मारसेना शस्त्रे उगारून धावून येते आहे आणि मध्यभागी एक पुरुष आसनावरून हललेला नाही. एका अर्थाने हेही युद्धाचेच चित्र आहे. मात्र पाहणाऱ्याची नजर शस्त्रांवर न खिळता त्या स्थिर बसलेल्या पुरुषावर जाते, कारण कलावंतानेच ती तेथे नेलेली असते.

नोसु सारनाथहून परतले त्यानंतर वर्षभरातच, जुलै १९३७ मध्ये, जपानने चीनविरुद्ध सर्वंकष युद्ध सुरू केले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्याने ते पॅसिफिक महासागरात पसरले आणि सप्टेंबर १९४५ मध्ये शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या. या काळात जपानमधील अनेक नामवंत चित्रकारांनी आपला कुंचला युद्धकार्याला दिला. समुद्रापलीकडे अमेरिकेचे चित्रकारही रणभूमीवर गेले. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंच्या काही चित्रांचा परिचय करून द्यावयाचा आहे. चित्रे थोडी आहेत, परंतु त्यांच्यामागील प्रश्न मोठा आहे. युद्धाचे चित्र माणसाला युद्धाकडे ढकलते की युद्धापासून मागे खेचते?

१. लष्कराच्या आज्ञेवरून काढलेली चित्रे

जपानी सेनेने व नौदलाने चित्रकारांना १९३८ पासून आघाडीवर पाठविण्यास सुरुवात केली. त्यांच्याकडून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात ‘युद्धमोहिमांची नोंद’ म्हणून चित्रे करून घेण्यात आली. ही चित्रे मोठ्या प्रदर्शनांतून लोकांसमोर मांडली जात आणि त्यांना प्रचंड गर्दी होई. पोटापाण्याची, रंगांची आणि कॅनव्हासची टंचाई असताना लष्कराचे काम करणाऱ्या चित्रकाराला साहित्य मिळे, मान मिळे आणि पूर्वी कधी न लाभलेला प्रेक्षकवर्गही मिळे. हा मोह लहान नव्हता.

साबुरो मियामोतो यांचे १९४२ सालचे चित्र या प्रकाराचा उत्तम नमुना आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, त्या दिवशीची जनरल यामाशिता आणि ब्रिटिश जनरल पर्सिव्हल यांची भेट त्यात दाखविली आहे. टेबलाच्या एका बाजूस विजेते, दुसऱ्या बाजूस पराभूत. रक्ताचा थेंबही नाही. आपल्या दृष्टीने या चित्रात आणखी एक उणीव आहे. त्या दिवशी शरण आलेल्या फौजेत हिंदुस्थानी सैनिक हजारोंच्या संख्येने होते. काही आझाद हिंद सेनेत गेले. उरलेल्यांपैकी कित्येकांना जपान्यांनी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन या दूरच्या बेटांवर मजुरीसाठी नेले. उपासमार, रोग आणि मारहाण यांमुळे त्यांतील पुष्कळजण परत आले नाहीत. टेबलावरील करार दाखविणाऱ्या चित्रात या माणसांना जागा नाही. चित्र खोटे नसते तरी ते अपुरे असू शकते, हा पहिला धडा येथे मिळतो.

दुसरे उदाहरण योकोयामा तायकान यांचे. १९०३ मध्ये हे कलकत्त्यास आले होते, टागोर घराण्यातील कलावंतांच्या सहवासात राहिले होते. अवनींद्रनाथांच्या चित्रशैलीवर त्या भेटीचा प्रभाव पडला हे कलेच्या इतिहासात नमूद आहे. याच तायकान यांनी १९४० मध्ये समुद्र आणि पर्वत या विषयांवरील वीस चित्रे विकून आलेले पाच लाख येन लढाऊ विमानांसाठी सेनेला व नौदलाला दिले. चित्रांत ना सैनिक होता, ना तलवार. शांत पर्वत आणि शांत समुद्र! तरीही त्या चित्रांची विमाने झाली. म्हणून चित्रात काय आहे एवढेच पाहून भागत नाही, ते कोणाच्या कामी आले हेही विचारावे लागते.

२. फुजिता आणि अट्टूचे चित्र

त्सुगुहारु फुजिता यांचा जन्म १८८६ चा. वडील सेनेत वैद्यकीय अधिकारी. फुजिता १९१३ मध्ये पॅरिसला गेले आणि दुधासारख्या शुभ्र पार्श्वभूमीवर बारीक काळ्या रेषेने काढलेल्या स्त्रीचित्रांमुळे युरोपभर प्रसिद्ध झाले. पुढे मायदेशी परतल्यावर ते युद्धचित्रकारांचे अग्रणी बनले.

मे १९४३ मध्ये अलास्काजवळच्या अट्टू बेटावर अमेरिकन फौज उतरली. बेटावर सुमारे अडीच हजार जपानी सैनिक होते. त्यांना कुमक आली नाही आणि परत बोलावणेही झाले नाही. २९ मे रोजी उरलेल्यांनी संगिनी सरसावून अखेरचा हल्ला केला. जिवंत हाती लागलेले तीसदेखील नव्हते. या मृत्यूसाठी जपानी सरकारने एक शब्द वापरला, ‘ग्योकुसाई’, म्हणजे रत्न फुटून त्याचे तुकडे व्हावेत तसे मरण. सरकारी घोषणेत हा शब्द प्रथमच आला होता. पराभव झाला, माणसे वाऱ्यावर सोडली गेली, हे सांगण्याऐवजी एक सुंदर शब्द सांगितला गेला.

फुजिता अट्टूला गेलेले नव्हते. त्यांनी कल्पनेने सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटरहून अधिक रुंद असे चित्र काढले. मागे बर्फाचे डोंगर, पुढे तपकिरी काळोखात एकमेकांत गुंतलेली शरीरे. कोण आपला, कोण शत्रू, हे पटकन ओळखू येत नाही. प्रेतांच्या ढिगापाशी बारीक बारीक फुले उमललेली आहेत. विजयाची खूण कोठेच नाही.

सप्टेंबर १९४३ मध्ये हे चित्र टोकियोत प्रदर्शित झाले तेव्हा लोकांनी त्यासमोर हात जोडले आणि देवळात टाकतात तशी नाणी टाकली. फुजिता चित्राशेजारी उभे राहून लोकांना लवून नमस्कार करीत. विद्यार्थी मित्रहो, या घटनेचा विचार करा. त्या आईबापांचे दुःख खरे होते, त्यांचे हात मनापासून जोडले गेले होते. परंतु त्या दुःखातून “ही मुले का मारली गेली?” हा प्रश्न उठू दिला गेला नाही. चित्राची वेदी झाली आणि वेदीसमोर कोणी हिशेब मागत नाही. १९४५ मध्ये फुजितांनी सायपान बेटाच्या शेवटाचे चित्र काढले. त्यात कड्याच्या टोकाशी स्त्रिया व मुले मृत्यूच्या तयारीत आहेत. आता सैनिकांपाठोपाठ सामान्य प्रजेच्या मरणालाही तेच तेज चढविले गेले.

युद्ध संपल्यावर चित्रकारांच्या जबाबदारीचा वाद उठला आणि सर्वाधिक दोष फुजितांवर आला. १९४९ मध्ये त्यांनी जपान सोडले, १९५५ मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेतले आणि १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. एकट्या फुजितांना दोषी ठरवून इतर अनेकजण मोकळे झाले, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल. अमेरिकनांनी जप्त केलेली १५३ युद्धचित्रे १९७० मध्ये ‘अनिश्चित मुदतीची उसनवारी’ म्हणून टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात परत आली. अट्टूच्या चित्राबद्दल तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. काहींना ते प्रचार वाटते, काहींना युद्धाचा निषेध. माझ्या मते रंगांमध्ये निषेधाला जागा आहे, परंतु ज्या भिंतीवर, ज्या शब्दासोबत ते टांगले गेले त्यांनी तो निषेध गिळून टाकला.

३. समुद्रापलीकडची बाजू

अमेरिकेतही चित्रकारांना आघाडीवर धाडले गेले. १९४३ मध्ये तेथील संसदेने या कामाचा पैसा बंद केला तेव्हा ‘लाइफ’ साप्ताहिकाने अनेक चित्रकारांना आपल्या पदरी घेतले. टेक्सासचे टॉम ली (१९०७-२००१) ‘लाइफ’साठी आधीपासूनच काम करीत होते. जहाजे, विमाने, खलाशी असे त्यांचे विषय असत.

१५ सप्टेंबर १९४४ रोजी ली पलाऊ द्वीपसमूहातील पेलेलिऊ बेटावर सैनिकांबरोबर उतरले. लढाई चार दिवसांत आटोपेल असे सेनापतीचे भाकीत होते. ती दोन महिन्यांहून अधिक चालली. बेटावर सुमारे दहा हजारांहून अधिक जपानी होते, त्यांतील जवळजवळ सर्व मेले. किनाऱ्यावर असताना ली यांना चित्र काढणे शक्यच नव्हते. जीव वाचविणे आणि दिसेल ते ध्यानात ठेवणे एवढेच त्यांनी केले. त्यातून पुढे दोन चित्रे झाली. ‘किंमत’ या चित्रात एक सैनिक किनाऱ्यावर अजून चालतो आहे, पण त्याचा हात चिंधड्या होऊन लोंबतो आहे आणि अर्धा चेहरा रक्ताने माखला आहे. दुसऱ्या चित्राचे नाव ‘दोन हजार यार्डांची नजर’. त्यात एक सैनिक समोरून आपल्याकडे पाहतो आहे, पण त्याला आपण दिसत नाही. विस्फारलेले डोळे, अर्धवट उघडे तोंड. युद्धाने मनाला होणारी जखम सांगण्यासाठी या चित्राचे नाव पुढे इंग्रजी भाषेत वाक्प्रचार बनून राहिले. ही चित्रे ‘लाइफ’मध्ये जून १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच छापली गेली.

कर एबी यांचा जन्म टोकियोतच झाला होता, मिशनरी आईबापांच्या पोटी. पहिले महायुद्ध पाहिल्यानंतर ते युद्धविरोधी बनले होते. तरीही वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ते तारावाला गेले. नोव्हेंबर १९४३ मधील ती लढाई सुमारे ७६ तास चालली. पाणी कमी असल्याने होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना गोळ्यांच्या माऱ्यात शेकडो यार्ड पाण्यातून चालत जावे लागले. सुमारे एक हजार अमेरिकन मरण पावले. एबींच्या ‘ओहोटी’ या कोळशाच्या चित्रात पाणी ओसरले आहे आणि काटेरी तारेवर देह लटकत राहिले आहेत. बाकी काही नाही.

मात्र या चित्रांनाही मर्यादा आहे. आपल्या सैनिकाची जखम त्यांनी निर्भयपणे दाखविली, परंतु शत्रूच्या सैनिकाचा चेहरा तेवढ्या जवळून पाहिला नाही. बेटावरील मूळ रहिवासी, जबरदस्तीने आणलेले कोरियन मजूर यांचीही गणना त्यांत नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहणे अद्याप बाकी होते.

४. मारुकी दांपत्य

हे काम इरी मारुकी व तोशी मारुकी या पतिपत्नींनी केले. इरी हिरोशिमाकडचे, शाईच्या परंपरागत चित्रकलेत तयार झालेले. तोशी तैलचित्रकार होत्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्यानंतर काही दिवसांतच इरी आप्तांच्या शोधात तेथे पोहोचले, पाठोपाठ तोशीही आल्या. १९५० मध्ये त्यांचे पहिले चित्र लोकांपुढे आले. अमेरिकन अंमलात अणुबॉम्बविषयी मोकळेपणे बोलण्यास मज्जाव होता, अशा वेळी ही चित्रे गावोगाव नेऊन दाखविली गेली. १९८२ पर्यंत अशा पंधरा चित्रमालिका पूर्ण झाल्या. प्रत्येक १.८ मीटर उंच व ७.२ मीटर रुंद आहे. चौदा चित्रे सैतामा प्रांतातील त्यांच्या संग्रहालयात असून पंधरावे नागासाकीत आहे.

येथपर्यंत ही आपल्या लोकांच्या दुःखाची कहाणी होती. परंतु १९७० च्या सुमारास ही चित्रे अमेरिकेत गेली आणि मारुकींना आपल्याकडेही वळून पाहावेसे वाटले. हिरोशिमात अमेरिकन युद्धकैदीही होते. बॉम्बमधून वाचलेल्या कैद्यांना जपानी लोकांनीच मारले, असे मारुकींच्या कानी आले. त्यांनी १९७१ मध्ये ते चित्र काढले. १९७२ मध्ये ‘कावळे’ काढले. कोरियन मजुरांची प्रेते सर्वांत शेवटपर्यंत उचलली गेली नाहीत आणि त्यांवर कावळे उतरले, हा त्याचा विषय. मरणानंतरही माणसामाणसांत भेद पाळला गेला, ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९७५ मध्ये त्यांनी जपानी सेनेने नानकिंगमध्ये केलेल्या कत्तलीचे चित्र काढले.

१९८४ चे ‘ओकिनावाची लढाई’ हे चित्र चार मीटर उंच आणि साडेआठ मीटर रुंद आहे. १९४५ च्या त्या लढाईत बेटावरील लोकसंख्येपैकी सुमारे चौथा हिस्सा मृत्युमुखी पडला. मारुकींनी वाचलेल्या लोकांकडून हकिगती ऐकल्या आणि त्यांनाच समोर बसवून चित्र काढले. चित्रातील पुष्कळ माणसांच्या डोळ्यांत बुबुळेच नाहीत. हे चित्र १९९४ मध्ये सुरू झालेल्या गिनोवान येथील साकिमा कला संग्रहालयात आहे. संग्रहालयाची जागा अमेरिकन लष्करी तळाकडून परत मिळविलेली आहे.

५. आपण काय शिकावे?

जपान बौद्ध संस्कृतीचा देश, मग तेथे असे का झाले, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर टाळता कामा नये. तेथील बहुतेक बौद्ध पंथांनी त्या काळी युद्धाला पाठिंबा दिला. सोतो झेन पंथाने १९९२ मध्ये याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. करुणेचे नाव घेणाराही सत्तेचा शब्द उचलू शकतो. बुद्धमूर्ती घरात असणे ही खात्री नव्हे, रोजची जागरूकता हीच खात्री. मारुकींचे मोठेपण यात आहे की आपल्या जखमेवरून त्यांची नजर शेजाऱ्याच्या जखमेवर गेली, आणि तेथून आपल्या स्वतःच्या हातांकडे वळली.

आज युद्धाची दृश्ये मोबाईलच्या पडद्यावर क्षणाक्षणाला येतात. चित्रकाराला महिने लागत, आता सेकंद पुरते. म्हणूनच पाहण्याचे शिक्षण अधिक गरजेचे झाले आहे. असे कोणतेही चित्र समोर आले की विद्यार्थ्यांनी पुढील पाच प्रश्न स्वतःला विचारावेत.

१) हे चित्र कोणी करविले आणि त्याचा उपयोग कोणाला झाला?
२) मरणाला कोणता सुंदर शब्द जोडला आहे? तो काढून टाकल्यास काय उरते?
३) चित्रात कोण नाही?
४) शत्रूला चेहरा आहे काय?
५) पाहून झाल्यावर माझ्या मनात द्वेष वाढला की करुणा?

पुढच्या वेळी अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात गेलात की मारसेनेपुढे थोडा वेळ उभे राहा. शिल्पकाराने सेनेची एकेक आकृती मन लावून कोरली आहे, भय लपविलेले नाही. तरी आपली दृष्टी शेवटी कोठे जाऊन थांबते ते पाहा.