व्यायामाला सुट्टी

नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदास रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. हा आकडा ऐकून एखाद्या उत्साही मुलाने रोज पाचशेचा संकल्प केला, तर त्याचे कौतुकच होईल. पण समजा, अंगात ताप असतानाही तो पहाटे उठून नमस्कार घालतोच; पाचशेचे चारशे झाले तर दिवसभर त्याला अपराधी वाटते; लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या, की रात्री दार लावून त्या ‘फेडतो’. मग मात्र लगाम त्याच्या हातून सुटला आहे, असे समजावे.

अमेरिकेतील बेकलँड या संशोधकांना नेहमीचा व्यायाम महिनाभर बंद ठेवल्यास झोपेत काय फरक पडतो, हे पाहायचे होते. पण आठवड्यातून पाच-सहा दिवस व्यायाम करणारी मंडळी कितीही पैसे देऊ केले तरी थांबायला तयार होईनात! अखेर तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर त्यांना भागवावे लागले. त्यांचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. आज तो आठवतो मुख्यतः या नकारामुळे.

थांबण्याची गरज काय, हे हाडाला विचारावे. हाड दगडासारखे दिसले तरी ते जिवंत असते. काही पेशी त्यातला जुना, झिजलेला भाग विरघळवून काढतात आणि दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरायला मात्र काही महिने लागतात. रस्ता खणला आहे, खडी अजून पडायची आहे, आणि वरून रोज ट्रक चालले आहेत, अशी कल्पना करा. विश्रांती न देता रोज अंतर वाढवीत धावणाऱ्याच्या नडगीत किंवा पावलात अशीच बारीक चीर पडते. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइथाउप्ट या डॉक्टरांनी १८५५ साली कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले होते. त्यामागचा अस्थिभंग दिसला तो क्ष-किरणांच्या शोधानंतर, म्हणजे चाळीसेक वर्षांनी.

श्रम वाढले आणि जेवण घटले, तर शरीर काटकसर करू लागते. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. मुलांमध्येही संप्रेरके घटतात. हाडांची पुंजी साठवण्याच्या वयातच ती खर्च होऊ लागते. पाळी तीन महिने आली नाही, तर ‘सरावामुळे असेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे. तालमीत जोर-बैठकांच्या बरोबरीने खुराकाला मान असतो, तो उगीच नव्हे.

शिक्षकांसाठीही एक गोष्ट. सवय नसलेल्या मुलाला शेकडो बैठकांची शिक्षा दिली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मग खूप व्यायाम वाईटच का? तसे नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावून कांस्यपदक मिळवले. ते तासभर फेऱ्या मारून मिळत नाही. तुमच्या वयाला रोज सरासरी ६० मिनिटांची धावपळ हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पुष्कळांची तेवढीही होत नाही. तेव्हा नुसत्या आकड्यावरून निदान करू नये. दुखत असताना थांबता येते का, हे पाहावे.

एक सोपा प्रयोग करा. सकाळी जाग येताच, अंथरुणातच, मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडीचे ठोके मोजा आणि वहीत लिहा. पंधरा दिवसांत तुमचा नेहमीचा आकडा कळेल. तो ६८ असून सलग तीन दिवस ७८ भरला, तर ताप, अपुरी झोप किंवा न भरून निघालेला थकवा यांपैकी काही आहे का, ते पाहा. त्याच वहीत आठवड्यातील एक वार ‘सुट्टी’ म्हणून आधीच लिहून ठेवा. त्या दिवशी मन किती बेचैन होते, तेही नोंदवा. सुट्टी पाळणे जमलेच नाही, तर ती वही आई-वडिलांना किंवा क्रीडाशिक्षकांना दाखवा. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या.