दिल्लीत आपला हिशेब कोण मांडतं?



मागच्या महिन्यात दर्यापूरकडच्या एका गावात गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि विषय निघाला चोरबीटीचा. म्हणजे तणनाशक मारलं तरी कपाशी जगते आणि तण मरतं, ते बियाणं. सरकारची त्याला परवानगी नाही, तरी पाकीट मिळतं. बिल मिळत नाही.

एक ताई म्हणाल्या, "निंदण वाचलं म्हंते सारे. कोनाचं वाचलं? माहं तं बुडालं." त्या मजुरीला जातात. शेजारी बसलेल्या ताईंची चार एकर कपाशी आहे. त्या म्हणाल्या, "निंदणाची मजुरी देऊन देऊन कपाशी परवडत नाई. मंग म्या का करू?"

दोघी एकाच गटातल्या, आणि दोघींचंही खरं. मला तिथं उत्तर देता आलं नाही. पण एक प्रश्न घेऊन घरी आले. या बियाण्याला परवानगी द्या असं दिल्लीला कोण सांगतं? आणि सांगणाऱ्याचं तिथं ऐकलं कसं जातं? आजचा अभ्यास त्यावर आहे.

आधी एवढं लक्षात घेऊ

देशाचे कायदे संसदेत होतात. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत, त्यात अकोल्याचा एक, अमरावतीचा एक. त्यांना आपण मत देतो. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ खासदार आहेत, त्यांना आमदार निवडतात. पण कायद्यात काय लिहायचं हे फक्त खासदार ठरवत नाहीत. कारखानदार, व्यापारी, कामगार, शेतकरी यांच्या संघटना आपलं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचवत असतात. ते कसं, हे पाहायला आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ: शेतकरी संघटना.

संघटनेचं म्हणणं काय?

शरद जोशी टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते, काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला होते. ती सोडून ते पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले. शेती तोट्यात का जाते याचा त्यांनी हिशेब मांडला. त्यांचं म्हणणं असं, की सरकार निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा आणि विक्रीवर बंधनं घालून शेतमालाचे भाव पाडतं. सरकारने मदत केली नाही तरी चालेल, पण बाजार मोकळा करा आणि नवं तंत्रज्ञान वापरायची मोकळीक द्या. थोडक्यात, खुल्या बाजाराची मागणी.

ही मागणी दिल्लीपर्यंत कोणत्या वाटांनी गेली?

पहिली वाट, हिशेब. एका क्विंटलला खर्च किती आणि हाती किती आलं, हे गावोगावच्या शिबिरांत शिकवलं गेलं. शेतकरी बोलायला उभा राहिला की आकडा घेऊन उभा राहायचा.

दुसरी वाट, रस्ता. १९८० पासून कांदा, ऊस, तंबाखू, कापूस यांच्या भावासाठी मोठी आंदोलनं झाली. आपल्याकडे १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. अमरावती-अकोल्याच्या वर लगेच मध्य प्रदेश, पण तिथं भाव चांगला असला तरी नेता येत नसे. या बंदीविरुद्ध संघटना लढली.

तिसरी वाट, सल्लागाराची खुर्ची. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने शरद जोशींना कृषी सल्लागार समितीचं अध्यक्ष केलं. पुढे वाजपेयी सरकारने शेतीविषयक कृतिदलाचं अध्यक्षपद दिलं. कायदा व्हायच्या आधी अहवाल होतो आणि अहवाल अशा समित्या लिहितात, म्हणून ही खुर्ची महत्त्वाची.

चौथी वाट, स्वतः सभागृहात जाणं. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकीत त्याला फार यश आलं नाही. पण भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर २००४ ते २०१० शरद जोशी राज्यसभेत होते.

पाचवी वाट, कायदा उघडपणे मोडणं. २००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेली बीटी कपाशी सापडली. ती नष्ट करायचा आदेश निघाला तेव्हा संघटना शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. कंपनीच्या चाचण्या आधीपासून चालू होत्या, त्यामुळे सगळं श्रेय आंदोलनाला देता येणार नाही. पण ही वाट संघटनेच्या लक्षात राहिली. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेकडो शेतकऱ्यांच्या साक्षीने चोरबीटीची जाहीर पेरणी झाली. अशा पेरणीला तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. लपून पेरलं असतं तर बातमी झाली नसती. जाहीर पेरलं म्हणून दिल्लीपर्यंत चर्चा झाली.

ऐकलं किती गेलं?

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने तीन कृषी कायदे केले. बाजार समितीबाहेर विक्रीची मोकळीक त्यात होती. पंजाब-हरियाणातल्या शेतकरी संघटनांनी कायद्यांना कडाडून विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती देऊन चार जणांची समिती नेमली. त्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. एक सदस्य बाहेर पडले, उरलेल्या तिघांनी मार्चमध्ये अहवाल दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने कायदे मागे घेतले. अहवाल तोवर बंदच होता. शेवटी मार्च २०२२ मध्ये घनवटांनी तो स्वतः जाहीर केला. म्हणजे खुर्ची मिळाली तरी मागणी पुरी होतेच असं नाही. समोर दुसरी संघटना तेवढ्याच ताकदीने उभी असते.

यात बाया कुठं होत्या?

होत्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड मोठं अधिवेशन झालं. नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा, ही 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम संघटनेचीच. जळगाव जिल्ह्यात विटनेरला सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून आली ती याच चळवळीतून.

आणि आता दुसरी बाजू. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. बाजूने १८६ मतं, विरोधात एकच. ते एक मत शरद जोशींचं होतं. राखीव मतदारसंघ दर वेळी बदलत गेला तर निवडून आलेली बाई तिथं काम कशाला उभं करेल, असा त्यांचा आक्षेप होता. तो पटो न पटो, महिला आघाडी उभी करणाऱ्याच नेत्याने ते मत दिलं. मला यातून एक कळलं. आपल्यासाठी बोलणारा माणूस कितीही मोठा असला तरी प्रत्येक वेळी तो आपलंच मत देईल असं नसतं.

२०२१ च्या त्या समितीतही चौघं पुरुष होते.

आता दर्यापूरकडच्या त्या बैठकीकडे परत येऊ. चोरबीटीच्या हिशेबात 'निंदणाचा खर्च वाचला' असं एका ओळीत लिहिलं जातं. तो खर्च म्हणजे आपल्यातल्या निम्म्या जणींचं पावसाळ्यातलं उत्पन्न. त्यातूनच गटाचा हप्ता भरला जातो. आणि ज्यांची शेती आहे त्यांचं बिलाशिवाय घेतलेलं बी उगवलं नाही तर त्या तक्रार कुठे करणार? या दोन्ही ओळी कोणाच्याच अहवालात मला दिसल्या नाहीत. त्या आपणच लिहायच्या आहेत. संघटनेची पहिली वाट हिशेबाचीच होती, आणि हिशेब ठेवणं आपल्याला येतं. दर महिन्याला तेच तर करतो.

आपण काय करू शकतो

१. या हंगामात प्रत्येक गटाने वही घालावी: निंदणाचे दिवस किती मिळाले, मजुरी किती मिळाली, शेतवाल्या ताईंनी किती दिली.
२. ग्रामसंघात दोन्ही बाजूंच्या ताईंनी बसून एक ठराव करावा. मतभेद असले तर तेही लिहावेत.
३. प्रभागसंघामार्फत तो ठराव खासदारांना द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नाही तर निवेदन दिलं याचा पुरावा नाही.
४. २०१४ च्या केंद्राच्या धोरणानुसार नव्या कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवायला हवा. संसदेच्या समित्याही सूचना मागवतात. अशी सूचना आली की मी गटांना कळवीन. पत्र मराठीत आपण मिळून लिहू.

बैठकीत बोलण्यासाठी प्रश्न

• निंदण बंद झालं तर आपल्या गावात बायांना दुसरं कोणतं काम मिळेल?
• शेतवाली आणि मजूर, दोघींना परवडेल असा काही मार्ग आहे का?
• आपल्या खासदाराला आपल्यापैकी कोणी कधी भेटलं आहे का?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला येईन तेव्हा त्या दोन्ही ताईंना शेजारी-शेजारी बसवून सुरुवात करू.