सरावाचे दोन तास, आणि उरलेले बावीस

"डॉक्टर, आमचा पोरगा रोज ग्राउंडला जातोय, त्याला आणि वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न पालक मला हमखास विचारतात. कोल्हापुरात तो विचारला जाणं साहजिकच आहे. इथं पेठेपेठेत तालीम, तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ, आणि घरटी कुणीतरी खेळणारं. पण ग्राउंडवरच्या वेळेबद्दल माझी तक्रार नाहीच, मला काळजी वाटते ती उरलेल्या दिवसाची.

पोराचा दिवस बघा. सकाळी रिक्षानं शाळा, पाच-सहा तास बाकावर, मग क्लास, संध्याकाळी वडिलांच्या गाडीवरून मैदान, गाडीवरूनच परत, रात्री अभ्यास आणि मोबाइल. सरावाचा वेळ वजा केला, तर हा खेळाडू मुलगा न खेळणाऱ्या मुलाइतकाच बसून असतो. तासन्तास बसल्यानं कमरेच्या पुढचे स्नायू आखडून राहतात, नितंबाचे स्नायू सुस्तावतात आणि पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर कमी वापरतात. नंतरचा सराव हे सगळं पुसून टाकत नाही. त्यात सात तास बसलेलं शरीर गाडीवरून उतरतं आणि थेट धावत सुटतं. मग मांडीमागचा स्नायू ताणला गेला, की दोष बुटांना दिला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचना अशा : ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आठवड्यातून किमान ३ दिवस दमवणारा आणि हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. त्याच सूचनांमध्ये बसून राहण्याचा, विशेषतः स्क्रीनसमोरचा वेळ आवरता घ्यावा, असंही आहे. खेळाडूंच्या घरी ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

शिवाय सरावाला गेलं म्हणजे ६० मिनिटं भरलीच, असंही नाही. एकदा मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन बसा. रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, कोचचं बोलणं ऐकणं, चेंडू आणायला गेलेल्याची वाट बघणं वगळा. पोराला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागलेली मिनिटंच मोजा. गोलकीपरच्या आणि क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभ्या पोराच्या बाबतीत आकडा फार लहान येतो.

नेमबाजीत तर स्थिर राहणं हेच कसब. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकला. त्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरावा लागतो. हे पाहून रेंजवर जाणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आवर्जून सांगतो, की रेंजवरचा वेळ हालचालीत धरू नका. पळणं, पोहणं, पोट-पाठीचे व्यायाम वेगळे हवेतच.

जुन्या तालमीत दिवसभर बसून राहण्याची ही अडचण नव्हती. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी तालमीत राहणारं पोर पहाटे उठून जोर-बैठका मारायचं, कुदळीनं कुस्तीच्या हौदातली माती उकरायचं, झाडलोट करायचं, आपला स्वयंपाक आपण करायचं. लढतीखेरीजचा दिवसही अंगमेहनतीतच जायचा. दूध, तूप, बदामाच्या थंडाईचा खुराक त्या अख्ख्या दिवसासाठी होता. तासाभराच्या सरावाला तोच खुराक देणं मला मुळीच मान्य नाही. दहावीच्या वर्षी सराव थांबतो, खुराक मात्र चालूच राहतो, आणि वर्षभरात पोट सुटतं.

आता उलट चूक करू नका. हालचाल कमी पडते म्हणून आणखी एक बॅच लावू नका. बारा-चौदा वर्षांचा, झपाट्यानं उंच होत असलेला मुलगा गुडघा दुखतो म्हणून येतो, तेव्हा मी वाटीच्या दोन बोटं खाली, नडगीच्या हाडाचा उंचवटा दाबतो. तो कळवळला, की निदान बहुतेक तिथंच होतं. मांडीचा स्नायू जिथं जोडलेला असतो ते वाढतं हाड ताणानं सुजलेलं असतं. यावर उपाय म्हणजे उड्या आणि जोराच्या धावा काही आठवडे कमी करणं. दर तीन महिन्यांनी भिंतीशी उभं करून उंची मोजा. ती भराभर वाढत असेल, तर कोचना सांगा. आठवड्यातले सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला बारा तासांपर्यंत. एक दिवस पूर्ण सुट्टी. तेरा ते अठरा वयात झोप आठ ते दहा तास.

वाढवायची आहे ती हलकी, दिवसभर विखुरलेली हालचाल. मंगळवार पेठेतून शाहू स्टेडियमला गाडी कशाला? रहदारीची भीती खरी आहे, म्हणून गल्लीतल्या चार पोरांना आळीपाळीनं एका पालकानं चालत न्यावं. अभ्यास करताना अर्ध्या तासानं उठायचं, दोन मिनिटं फिरायचं. दूध आणणं, पाणी भरणं, अंथरुणं घालणं ही कामं खेळाडू म्हणून माफ करू नका. सुट्टीच्या दिवशी आजोबांबरोबर रंकाळ्याला फेरी मारावी. पावसाळ्यात मैदान चिखलात गेलं, की घरातच दोरीच्या उड्या आणि बैठका चालू ठेवा. नाहीतर हंगाम सुरू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात दुखापती होतात.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट. सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर "खेळामुळं असेल" म्हणून सोडू नका. खाणं कमी पडत असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

लंगडणं, सांध्याला सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यात वाट बघू नका. आणि धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पोर पडलं, तर सामना कितीही महत्त्वाचा असो, त्याच दिवशी खेळ थांबवा आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय त्याला मैदानात उतरवू नका.