खूर आधी, शिंगं मागून

काल अक्काचा फोन आला होता. हळदीचे आलेले आणि तुझ्या पगारातून उरलेले असे मिळून बारा लाख झालेत, आणि तुला पळणारी गाडी घ्यायची आहे म्हणे. ‘तू मामा आहेस, त्याला समजाव,’ असं ती म्हणाली. गाडी घेऊ नको असं मी सांगणार नाही. वेगाची ओढ काय असते ते मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं हिंगोलीत गाड्यांच्या खाली पाठ टेकून काढली ती काही नुसत्या पोटासाठी नाही. पण बारा म्हणजे बाराच. त्यात तेरावा कर्जाचा घालायचा नाही, एवढं मला वचन दे, म्हणजे पुढचं सांगतो.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, बैल घ्यायला बाजारात जायचे तेव्हा मी लहान होतो. बाकीचे लोक शिंगं बघायचे, वशिंडावरून हात फिरवायचे. आजोबा आधी खाली बसायचे आणि खूर बघायचे. मग दात. मग भर उन्हात त्याला दोन फर्लांग चालवायला लावायचे. शिंगांकडे त्यांचं लक्ष सगळ्यात शेवटी जायचं, कधी कधी जायचंच नाही. गाडीचे खूर म्हणजे टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन. तू मला फोनवर जे फोटो पाठवलेस त्यांत सगळी शिंगंच होती.

आता कुठे पळवणार ते बघ. आपल्या इथे वेग लागतो तो नांदेडच्या रस्त्यावर, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा असा जाणारा. नाहीतर वाशीम ओलांडून मालेगावजवळ समृद्धीवर चढलास तर. समृद्धी 701 किलोमीटरची आहे आणि लहान गाड्यांना तिथे ताशी 120 ची मर्यादा आहे. म्हणजे दोनशेने पळणारी गाडी घेतलीस तरी कायद्याने चालवायची 120 नेच. आणि त्या रस्त्यापर्यंत पोचायला, घरी यायला, शेतावर जायला जे रस्ते आहेत ते काळ्या मातीवरचे आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. वरून गुळगुळीत दिसतो, पण ऐंशीच्या पुढे गेलं की खालून धक्का मारतो. गावोगावचे गतिरोधक कुणी कुठल्या मापाने बांधलेत ते तुला माहीत आहेच.

म्हणून दोन दारांची, जमिनीला टेकलेली, बारा-पंधरा वर्षं जुनी परदेशी गाडी तुझ्या पैशांत बसत असली तरी तिच्याकडे बघू नकोस. मोहात पडशील म्हणून आधीच सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका पोराने तशी गाडी आणली होती. नाव घेत नाही, कंपनीही सांगत नाही. पहिल्या महिन्यात गावच्या गतिरोधकावर चेंबर फुटला. गाडी ट्रकवर घालून शहरात नेली, सुटा भाग बाहेरून यायला अडीच महिने लागले, आणि त्या एका दुरुस्तीत त्याची सोयाबीनची एका हंगामाची कमाई गेली. तो पोरगा माझ्या गॅरेजच्या बाकावर बसून रडला होता. शिवाय 15 वर्षं झाली की फेरनोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर हे सगळं मागे लागतं.

आता बाराचे भाग कसे पाडायचे. गाडीला नऊ, फार तर साडेनऊ. दीड लाख नावावर करायला, विमा, चार नवे टायर, ब्रेक पॅड, सगळी तेलं बदलायला. उरलेले बँकेत, गाडीच्याच नावाने, पहिल्या दोन वर्षांसाठी. हा शेवटचा भाग लोक ठेवत नाहीत. मग जोरदार इंजिनाच्या गाडीवर साडेतीन वर्षांचे टायर ओढत बसतात.

नवी घेणार असशील तर शोरूमच्या किमतीवर जाऊ नकोस, ऑन रोड किती ते लेखी घे. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला एकरकमी कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे 20 लाखांपर्यंत 12 टक्के आहे. 9,90,000 च्या गाडीला 1,08,900 रुपये होतात, तर 10,50,000 च्या गाडीला 1,26,000. साठ हजारांचं वरचं मॉडेल घेताना सतरा हजार नुसता कर वाढतो. आणि वरच्या मॉडेलमध्ये काय वाढतं? स्पीकर, मोठा पडदा, छताची काच. इंजिन बहुधा तेच असतं. खालचं मॉडेल घे आणि तो फरक टायरला घाल.

आपल्याकडच्या वेगवान गाड्या लहान इंजिनाच्या का असतात तेही समजून घे, म्हणजे विक्रेत्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असली तर 22 सप्टेंबर 2025 पासून तिला 18 टक्के जीएसटी आहे. त्याच्या पुढे गेली की 40. त्यामुळे कंपन्या लहान इंजिन घेतात आणि त्यावर टर्बो बसवतात. सायलेन्सरकडे जाणारा धूर टर्बोचं पातं फिरवतो, आणि ते पातं इंजिनात जास्त हवा कोंबतं. हे पातं मिनिटाला लाखावर फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर. टर्बोचं सगळं आयुष्य त्या तेलावर आहे. कंपनी 10,000 किलोमीटर सांगत असेल तर तू 7,500 ला तेल बदल. आणि समृद्धीवरून जोरात येऊन थांबलास की लगेच चावी फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन संथ चालू दे.

लोक अश्वशक्ती विचारतात. तू टॉर्क विचार, आणि तो किती आरपीएमला मिळतो ते विचार. साध्या 1.2 लिटरच्या स्विफ्टला साधारण 112 न्यूटन-मीटर टॉर्क आहे. आय-20 एन लाईनच्या एक लिटर टर्बोला 172, आणि तो 1500 आरपीएमपासून मिळायला लागतो. अश्वशक्ती 120. पोलोच्या एक लिटर टीएसआयला 110 अश्वशक्ती आणि 175 टॉर्क. पुढे उसाची जोडट्रॉली वीसने चालली आहे, समोरचा रस्ता मोकळा दिसतो आहे, तेव्हा तिला चटकन ओलांडून आपल्या बाजूला यायला हाच खालचा टॉर्क कामाला येतो. आपल्या जिल्ह्यात जोरदार इंजिनाचा खरा उपयोग एवढाच आहे आणि तो मी कमी समजत नाही.

आता नावं घेऊनच बोलतो. फियाटची अबार्थ पुंटो, आपल्या रांजणगावला झालेली, 2015 ची. 145 अश्वशक्ती, 212 टॉर्क. तिचं स्टेअरिंग हातात घेतलं की माणूस दिवसभर खूश राहतो. मी चालवली आहे, अजून विसरलो नाही. पण फियाटने इथला धंदा 2019 ला गुंडाळला. सुटे भाग शोधायला ज्याच्याकडे वेळ आहे त्याने घ्यावी. तुझ्याकडे एकच गाडी असणार, म्हणून तुझ्यासाठी नको. चाकणची पोलो बांध्याला पक्की, दार लावल्याचा आवाजच वेगळा. पण तीही 2022 ला बंद झाली, आणि आता पंपावर सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याला चालतील अशा रबराच्या, पाइपांच्या गाड्या एप्रिल 2023 पासून सक्तीच्या झाल्या. आधीची गाडी लगेच बंद पडेल असं मी म्हणत नाही, पण पर्याय असताना जुनी नळी कशाला घ्यायची? व्हर्टसचं दीड लिटरचं इंजिन, 150 अश्वशक्ती आणि 250 टॉर्क, या सगळ्यांपेक्षा सरस आहे. नवी तुला परवडणार नाही, आणि जुनी घेतलीस तर बाराचे बारा तिच्यातच जातील. टायरला काही उरणार नाही. मन घट्ट कर आणि सोड.

ऑटोमॅटिकही घेऊ नकोस. जुनी कोरड्या क्लचची ड्युअल क्लच गाडी बाजारात स्वस्त मिळते. गर्दीत सरकत सरकत चालवून तिचा क्लच तापलेला असतो, आणि तो खर्च पुढच्या मालकाच्या माथी येतो. असला गिअरबॉक्स उघडणारा हात हिंगोलीत मिळणं कठीण. नांदेड, नाहीतर संभाजीनगर गाठावं लागेल. मॅन्युअलचा क्लच आपल्या इथला चांगला मिस्त्री एका दिवसात बसवतो.

आता बघायला गेल्यावर काय करायचं, ते नीट ऐक.

सकाळी लवकर जायचं, इंजिन थंड असताना. मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवायचं की गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागला तर त्याने तुझ्या आधी चालू करून काहीतरी लपवलं आहे असं समज आणि चहा घेऊन परत ये. थंड असेल तर तू स्वतः चालू कर, आणि दुसऱ्याला मागे उभं कर. निळा धूर दिसला तर तेल जळतं आहे. पहिल्या दहा सेकंदांत इंजिनाचा जो आवाज येतो तो पुन्हा दिवसभर ऐकू येत नाही, त्यामुळे त्या वेळी मालकाला बोलू देऊ नकोस.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2321 असेल तर 2021 च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही टायरचे आकडे वाच, आणि स्टेपनीचेही. नवी गाडी सांगतात आणि एकच टायर वेगळ्या सालचा निघतो, तिथे काय झालं ते विचार. झीज एकाच कडेला असेल तर गाडी बहुधा ठोकलेली तरी आहे, नाहीतर खड्ड्यात आदळलेली.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. पुरात बुडालेल्या गाडीची सीट धुतात, गालिचे बदलतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खाचेत हात घाल. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला आहे का, ते टॉर्चने बघ.

वेगवान गाड्यांचा एक खास रोग आहे, तो साध्या गाडीला नसतो. पोरं कॉम्प्युटर लावून इंजिनाची ताकद वाढवून घेतात, दोन वर्षं हाणतात, आणि विकताना पुन्हा मूळ सेटिंग करून ‘एकदम स्टॉक’ म्हणून देतात. क्लच मात्र खोटं बोलत नाही. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसने जात असताना पाय पूर्ण दाब. आरपीएम भरभर चढले आणि गाडी मात्र त्या मानाने उचलली नाही, तर क्लच घसरतो आहे. स्कॅनर लावल्यावर सगळं कोरं दिसलं म्हणून खूश होऊ नकोस. जुन्या चुका पुसून टाकल्या असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात. तेवढं मिस्त्रीला बघायला सांग. तू स्वतःही असले बदल करू नकोस. कायद्यात बसत नाहीत, आणि अपघात झाला की विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. परिवहनच्या साइटवर चलनं बघ. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. 29 आणि 30 वर सह्या, आणि दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिकडची एनओसी. दिल्लीकडची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर इथे कर पुन्हा भरावा लागतो, हे त्या स्वस्त किमतीत मिळवून बघ. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर तुला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. विमा तुझ्या नावावर झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नकोस, एक दिवससुद्धा नाही.

आणि ब्रेकचं सांगतो ते मामा म्हणून सांगतो. साठच्या वेगात ब्रेक दाबला तर चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण सोळा-सतरा मीटरमध्ये उभी राहते. एकशेवीसला ती जागा दुप्पट लागत नाही, चौपट लागते. वर पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, त्यात 33 मीटर आधीच गेलेले असतात. म्हणजे शंभर मीटर. रात्री आपल्या रस्त्यावर रोही कधीही आडवा येतो, उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि तुझ्या हेडलाइटचा डिपर शंभर मीटर दाखवत नाही. अंधारात ऐंशीच्या वर जायचं नाही. अक्काला मी तुझ्या वतीने हे कबूल करून बसलो आहे.

तर माझं मत. आय-20 एन लाईन, सप्टेंबर 2023 नंतरची, कारण त्याआधी तिला तीन पेडलांची साधी सहा गिअरची मॅन्युअल नव्हती. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, पेट्रोल आताचं चालतं, आणि आपल्या आसपास दुरुस्ती होते. एकाच मालकाची, तीस हजारांच्या आत चाललेली, नऊपर्यंत मिळाली तर घे. नाही मिळाली तर थांब. बारा लाख बँकेत नासत नाहीत.

बघायला जायचं ठरलं की आदल्या दिवशी फोन कर. मी येतो. सहाच्या आत पोचायचं आहे, आणि टॉर्च तू आण, माझ्या टॉर्चचे सेल संपले आहेत.