पैसा कोणाचा, ठेव कोणाच्या नावावर

फेब्रुवारीत आमचं लग्न झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये ह्यांच्या हाती थकबाकी, आधीची शिल्लक असे मिळून दहा लाख आले. हे वर्ध्याला महाविद्यालयात शिकवतात, मी हिंगणघाटच्या शाळेत. ह्यांच्या मित्रानं सल्ला दिला, "वहिनीच्या नावानं एफडी टाक ना बाप्पा, टॅक्सच लागत नाही मंग!" २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य, आणि माझा पगार त्याच्या बराच आत. सात टक्क्यांची ठेव माझ्या नावावर झाली.

रिटर्न भरायला बसलो तेव्हा सीएंनी वार्षिक माहिती विवरणात माझ्या पॅनवर सत्तर हजार व्याज आणि सात हजार टीडीएस पाहिला. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, हा पैसा मूळचा कोणाचा?"

सगळं त्या प्रश्नात आहे. नवऱ्यानं मोबदला न घेता बायकोला पैसे दिले, तर देण्याघेण्यावर कर नाही. पण त्या पैशावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. उलट दिशेनंही हेच. ठेव कोणाच्या नावावर आहे हे कायदा बघत नाही. ह्यांचं उत्पन्न पंधरा टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणून सत्तर हजारांवर उपकरासह १०,९२० रुपये कर लागला. माझ्या पॅनवर कापलेले सात हजार ह्यांच्या रिटर्नमध्ये वळवून घ्यावे लागले. तशी सोय टीडीएसच्या तक्त्यात आहे, पण बँकेला आधीच लेखी कळवलं असतं तर ही उठाठेव वाचली असती. मी ते सात हजार परतावा म्हणून मागितले असते, तर ते चुकीचं ठरलं असतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. हा नियम तसाच आहे.

एक बारकावा मात्र आपल्या बाजूचा. त्या सत्तर हजारांची वेगळी ठेव केली, तर तिचं व्याज माझं. म्हणून ते मुद्दलात मिसळू देऊ नका, वेगळ्या खात्यात घ्या. आम्ही आता त्याहून सोपं करतो: घरखर्च ह्यांच्या पगारातून आणि माझा पगार जवळजवळ सगळा बचतीत. त्या बचतीचं व्याज निर्विवाद माझं.

लग्नात वधूवरांना आलेला आहेर करमुक्त असतो, रकमेला मर्यादा नाही आणि तो नात्यातल्यांनीच दिलेला असावा असंही नाही. त्या पैशाची माझी ठेव माझीच राहिली. ती ह्यांच्या पैशात कालवली असती तर कोणता रुपया कुठला हे सांगता आलं नसतं. आहेराची वही जपून ठेवा, आमच्या सासूबाईंनी ती ट्रंकेत ठेवली होती म्हणून निभावलं. पण वरपित्याच्या हाती त्याच्या ओळखीच्यांनी दिलेल्या पाकिटांना ही सूट नाही. आणि एकाच माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेऊच नका, तो मामा असला तरी. दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो.

लग्न ठरल्यावर, पण लग्नाआधी होणाऱ्या बायकोला दिलेल्या मालमत्तेचं काय? १९६३ साली सर्वोच्च न्यायालयानं फिलिप थॉमस प्रकरणात म्हटलं की देताना ती पत्नी नव्हती, म्हणून त्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्या नावे धरता येणार नाही. पण तेव्हा ती 'नातेवाईक'ही नसते, म्हणून पन्नास हजारांवरच्या भेटीवर तिलाच कर लागण्याचा प्रश्न उभा राहतो. त्या फंदात न पडलेलं बरं.

अमेरिकेत भाचा-भाची असलेले लोक जोडप्याच्या एकत्र रिटर्नबद्दल विचारतात. आपल्याकडे तसं नाही. रिटर्न ज्याचं त्याचं, आणि जुनी की नवी पद्धत हेही ज्यानं त्यानं ठरवायचं. गोव्यात तिथल्या दिवाणी कायद्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवराबायकोत निम्मं निम्मं धरतात, ती गोष्ट वेगळी.

जुन्या पद्धतीत राहणाऱ्या सुनांसाठी एक सांगते. सासूसासऱ्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता सुनेनं भरला तर तिला वजावट नाही, माहेरच्या आईवडिलांचा भरला तर आहे, लग्नानंतरही. बाबांचा हप्ता मी भरायला लागले तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली. मग सासऱ्यांचा हप्ता ह्यांच्या खात्यातून जाऊ लागला आणि ती थांबली.

नावाचं राहिलंच. पॅनवर वडिलांचं नाव असतं, नवऱ्याचं नव्हे. लग्न झालं म्हणून पॅन बदलायची सक्ती नाही. आधार, पॅन, बँक, शाळेचं पगारपत्रक, बदलायचं तर सगळीकडे बदला. माझ्या एका मैत्रिणीनं बँकेत सासरचं आडनाव लावलं, पॅन तसंच राहिलं. खात्याची पडताळणी होईना आणि परतावा अडकला.